फोर व्हील ड्राइव्ह आणि मुळशीची जुनी वाट

परीक्षा संपली की हॉस्टेलच्या मेसमध्ये एक बेत हमखास शिजतो. कुणाच्या तरी काकांची थार नाहीतर जुनी जिप्सी मागून आणायची आणि मुळशीवरून आतल्या वाटेने लोणावळा गाठायचे. बेत झकास आहे. पण पाठोपाठ एक वाक्य येते, "फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, मग कसली चिंता?" हे वाक्य कितपत खरे, ते तपासू. त्यासाठी पहिल्या वर्षाचे मेकॅनिक्स पुरते.

वाट कोणती?

पौड, मुळशी धरण, निवे, पिंपरी, भांबर्डे, सालतर खिंड, आंबवणे, पेठ शहापूर आणि लोणावळा. ही वाट सह्याद्रीच्या कड्याच्या अंगाने जाते. घनगड, तेलबैला, कोरीगड हे या बाजूचे पहारेकरी. तेलबैल्याजवळून सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटा कोकणात उतरतात. पूर्वी इथून माणसे आणि लादलेली जनावरे ये-जा करत.

आज पठारावरचा रस्ता बराचसा डांबरी असला, तरी मधले पट्टे उखडलेले असतात. घाटवाटा मात्र पायीच उतरायच्या. गाडी कितीही दणकट असो, ती वरच ठेवायची.

ऑस्ट्रेलियात कॅनिंग स्टॉक रूट नावाची सुमारे १,८५० कि.मी.ची गुरे हाकण्याची जुनी वाट आहे. १९०८ ते १९१० या काळात तिच्यावर विहिरी खोदल्या गेल्या. आज तिथे जीपवाले जातात आणि त्यांचे नियोजन पाणी व इंधन कुठे मिळेल यापासून सुरू होते. आपल्याकडे उलटे आहे. इथे चिंता जास्तीच्या पाण्याची आणि उताराची.

चढ सुटतो, उतार सुटत नाही

समजा, दर ४ मीटरला १ मीटर असा कच्चा चढ आहे आणि ओल्या मातीचा घर्षणांक ०.३ आहे. गाडीचे निम्मे वजन मागच्या चाकांवर धरू. फक्त मागची चाके ओढत असतील तर चढायला किमान ०.५ घर्षणांक लागेल, म्हणजे गाडी जागीच चाके फिरवत बसेल. चारही चाके ओढू लागली की ०.२५ पुरतो. गाडी चढली! इथपर्यंत मेसमधले वाक्य खरे.

आता त्याच चढावरून खाली या. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे इथे फोर व्हील ड्राइव्हने जास्तीची पकड मिळत नाही. घर्षणातून उताराची ओढ वजा केली की मंदन उरते जेमतेम ०.४८ मी./से.². ताशी २० कि.मी. वेगाने येणारी गाडी थांबायला सुमारे ३२ मीटर घेईल. कोरड्या सपाट डांबरावर, घर्षणांक ०.७ धरला तर, हेच अंतर सव्वादोन मीटर आहे. वेग ताशी १० केला की ३२ चे ८ मीटर होतात, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून उताराला लागण्यापूर्वीच लो रेंज, पहिला गिअर, आणि क्लचवरचा पाय बाजूला.

थोडक्यात, ही गाडी आपल्याला अशा जागी नेऊ शकते जिथून परत आणणे तिच्या हातात नाही. याच भागात, १६६१ साली, कारतलबखान मोठी फौज घेऊन कुरवंडे घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. पुढची वाट शिवरायांनी रोखली होती, मागचीही. उतरण्याआधी परतीचा विचार हवा तो यासाठी.

आणखी एक. थार-जिप्सीसारख्या पार्ट-टाइम गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर ४-एच लावून वळणे घेतली की पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. डांबरावर २-एचच.

पाणी

ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मि.मी. पाऊस पडला. तेव्हा पावसाळ्यात हा बेत नकोच; नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तरीही ओढा आडवा आलाच तर हिशेब असा : गाडीचा तळ ३.५ × १.६ मीटर धरला तर तळाच्या वर दर १० सें.मी. पाण्यामागे सुमारे ५६० किलो वजन उचलले जाते. चाकांवरचा भार कमी झाला की घर्षणही कमी. वाहते पाणी गाडीच्या तळाला टेकणार असेल तर माघारी फिरायचे. त्यात लाज कसली?

जमीन कुणाची?

१९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी तरीही बुडाल्या. ज्या तलावाकाठून आपण फोटो काढत जाणार, त्याच्या तळाशी भातखाचरे आहेत. उरलेल्या खाचरांच्या बांधावर 'ऑफ-रोडिंग' म्हणून चाक चढवू नका. तो बांध फुटला की पुढच्या पावसात खाचरात पाणी ठरत नाही. २०१३ पासून ताम्हिणी अभयारण्यही आहे. जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते.

निघण्यापूर्वी

१. शक्यतो दोन गाड्या. एक रुतली तर दुसरी ओढेल. दोरखंड, शॅकल, फावडे, हवेचा पंप सोबत.
२. पुण्याहून पुण्याला फेरा ढोबळ २०० कि.मी. धरा. लो रेंजमध्ये डिझेल जास्त जाते, म्हणून टाकी निघतानाच भरा.
३. कच्च्या रस्त्यावर ताशी १५ कि.मी.चाच हिशेब करा, आणि माघारी फिरण्याची वेळ आधी ठरवा. दुपारी दोन म्हणजे दोन.
४. मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेल असे धरू नका. मार्ग, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ कागदावर लिहून रेक्टर सरांकडे द्या.
५. अवघड उतार आधी एकाने पायी उतरून पाहावा आणि खालून वर बघून विचारावे, "ही गाडी इथून परत चढेल का?" उत्तर पटकन 'हो' आले नाही, तर गाडी वरच ठेवून डबे उघडा. तेलबैल्याच्या भिंती तिथूनही छान दिसतात.