पुडीत औषधासोबत आणखी काय?

माझ्या लेकीला दूध चालत नाही. दुधातल्या प्रथिनाची तिला अ‍ॅलर्जी आहे. दही, पेढा, चहातलं दूध, काहीही पोटात गेलं की ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, छाती घरघरते. अमरावतीला आमच्या घरी आणि अकोल्याला माझ्या माहेरी हे सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या डब्यात, गणपतीच्या प्रसादात आम्ही तिला जपत आलो. दूध औषधातूनही येऊ शकतं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून तिला रोज रात्री एक औषध थोड्या मात्रेत चालू होतं. अमरावतीत ते पातळ मिळायचं आणि तिला छान मानवलं होतं. उन्हाळ्यात अकोल्याला गेलो, बाटली संपली आणि तिथे ते मिळेना. डॉक्टरांनी त्याच औषधाची गोळी लिहून दिली. दुकानात ती खलून, त्यात पांढरी भुकटी मिसळून, वजनाच्या हिशोबानं पुड्या बांधून दिल्या. ही पद्धत वाईट नाही. मोठ्यांच्या गोळीचा आठवा भाग सुरीनं नेमका कापता येत नाही, भुकटी घालून आकार वाढवला की सारखे भाग पाडता येतात. हृदयाचे आजार असलेल्या तान्ह्या लेकरांसाठी मोठ्या इस्पितळांतही हेच करावं लागतं.

पहिली पुडी घेतली आणि थोड्याच वेळात पोरगी ओठ आणि कान खाजवायला लागली. “काय उठून राह्यलं वं हे पोरीच्या अंगावर?” आई म्हणाली, तोवर धाप लागली होती. भावानं गाडी काढली. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा श्वास मोकळा झाला. रात्रभर तिला तिथेच ठेवलं.

सकाळी फाइलवर ‘या औषधाची अ‍ॅलर्जी’ असं लिहिलं जाणार होतं. मला ते पटेना. तेच औषध ती अमरावतीत रोज घेत होती. म्हणून भावाला दुकानात पाठवलं आणि पुडीत काय मिसळलं ते विचारायला सांगितलं. तो म्हणाला, “औषधात दूध कुठून येईन?” पण गेला. दुकानातल्या फार्मासिस्टनं काही न लपवता बरणी समोर ठेवली. तिच्यावर लॅक्टोज लिहिलं होतं.

लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पनीर-चीज करताना उरणाऱ्या निवळीतून काढतात. शुद्ध साखरेनं अ‍ॅलर्जी होत नाही, पण तिच्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहून जाऊ शकतो, आणि फार संवेदनशील मुलाला तेवढाही पुरतो. पुढे अमरावतीत तज्ज्ञांनी आपल्या देखरेखीखाली तिला पातळ औषध पुन्हा देऊन पाहिलं, काही झालं नाही. बरणीची चौकशी झाली नसती तर एक उपयोगी औषध तिच्यासाठी कायमचं बाद झालं असतं, आणि खरं कारण पुढच्या पुडीत पुन्हा आलं असतं. मला जास्त भीती या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

गोळ्यांच्या स्ट्रिपवर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि खाली बारीक अक्षरांत ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’, म्हणजे मूळ औषधाशिवायची इतर द्रव्यं पुरेशी, एवढंच बहुधा असतं. रंगाचं नाव काही वेळा छापतात, बाकीच्यांची नावं सहसा नसतात. गोळीत ही इतर द्रव्यं थोडी नसतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तोंडानं घ्यायच्या ४२ हजारांहून अधिक औषधांची माहिती तपासली. सरासरी गोळीच्या वजनात जवळपास तीन चतुर्थांश भाग या द्रव्यांचा निघाला आणि सुमारे ४५ टक्के औषधांत लॅक्टोज होतं.

हे वाचून कुणी घाबरून गोळ्या बंद करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. ज्यांना दूध नुसतं पचत नाही, पोट फुगतं, त्यांना गोळीतल्या चिमूटभर लॅक्टोजचा बहुधा त्रास होत नाही. धोका आहे तो प्रथिनाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांना. त्यांनी दम्याच्या कॅप्सुलमधली ओढायची भुकटी घेण्याआधी विचारावं, कारण त्यातही लॅक्टोज असतं. होमिओपॅथीच्या चूर्णातही ते बहुधा असतं. अ‍ॅलर्जीवरच दिल्या जाणाऱ्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या काही इंजेक्शनांत गाईच्या दुधापासूनचं लॅक्टोज असल्यानं युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती देऊ नयेत असं सांगितलं. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालण्याचा आजार असलेल्यांनी गव्हाच्या स्टार्चची चौकशी करावी. अ‍ॅस्पिरिननं त्रास होणाऱ्या काहींना टार्ट्राझिन हा पिवळा रंगही बाधतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे बनवून घेतलेल्या मलमानं पुरळ वाढलं तर प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा लॅनोलिनचीही शक्यता तपासायला सांगावी.

२०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ सिरपनं वीसहून अधिक लेकरं दगावली, कित्येकांना नागपूरला आणलं होतं. तेव्हापासून आयाबाया मला दोन्ही गोष्टी एकत्र करून विचारतात. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं, ते कुणालाही मारतं. आमच्या पुडीतलं लॅक्टोज बहुतेकांना निर्धोक आहे. पहिल्यासाठी सरकारी तपासणी कडक हवी, दुसऱ्यासाठी दुकानात तोंड उघडावं लागतं.

आता पुडी, मिक्स्चर किंवा मलम बनवून घेताना, ते बनवण्याआधीच मी सांगते, “पोरीला दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे, यात काय मिसळणार?” उत्तर चिठ्ठीवर लिहून मागते. लॅक्टोजऐवजी मक्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज चालेल का, हे डॉक्टर आणि फार्मासिस्टनं ठरवायचं, आपण घरी काही मिसळायचं नाही. दुकान बदललं, कंपनी बदलली की पुन्हा विचारायचं, कारण औषध तेच असलं तरी आतली भुकटी वेगळी असू शकते. फाइलवर नुसतं ‘अ‍ॅलर्जी आहे’ न लिहिता कशाची, काय झालं, किती वेळात झालं, हे लिहून घ्यावं. उरलेली पुडी फेकू नये, रिकामी स्ट्रिपही जपून ठेवावी.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली तर पित्ताच्या गोळीवर थांबू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळचा दवाखाना गाठावा, आणि अ‍ॅड्रेनॅलिन लगेच द्यायला सांगावं. त्रास ओसरल्यावर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवावं. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, आणि सांगताना पुडी कशात बनवली होती हेही सांगावं.