गाठ गेली, शिरेचं काय?

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट तपासणीला गेला, की डॉक्टर तोंड उघडायला लावतात, गालाच्या आत बॅटरी मारतात, मानेवर गाठ लागते का ते चाचपतात. काही नाही म्हणाले, की आपण खुशीत परतीची एसटी पकडतो. माझंही बरीच वर्षं असंच चाललं होतं. कुरुंदवाड-शिरोळ भागात मावा, मिश्री, तंबाखू-चुना कुणाला नवीन नाही, तेव्हा उजव्या गालाचं ऑपरेशन आणि त्यावर मानेला रेडिएशन घेतलेला मी इथं एकटा नाही. त्या सगळ्यांना सांगायचं ते एवढंच: रोग परत आलाय का, हे सगळे बघतात. रेडिएशननं मानेतल्या शिरेचं काय केलं, हे आपण विचारल्याशिवाय कुणी बघेलच असं नाही.

ऊसतोड चालू होती. बांधावर उभा होतो आणि उजव्या डोळ्यापुढं वरून खाली करडा पडदा सरकला. दोन-चार मिनिटांत पुन्हा लख्ख दिसायला लागलं. दुखलं-खुपलं काही नाही. मग चष्म्याचा नंबर तपासून झाला. अशक्तपणा, पित्त, मानेचा मणका ही नेहमीची निदानंही झाली. मिरजेतल्या एका फिजिशियननी जुन्या रेडिएशनबद्दल ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यापुढं असा पडदा येऊन जाणं ही लकव्याची आगाऊ सूचना असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

मानेत दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी असते, कॅरोटिड. डोक्या-मानेच्या कॅन्सरला साधारण 60 ते 70 ग्रे रेडिएशन देतात, आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. मानेतल्या गाठींवर धरलेले किरण वाटेतल्या शिरेलाही लागतात. तिचं आतलं अस्तर दुखावतं, खुद्द तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बुजतात, भिंत जाड आणि कडक होते. मग ठिबकच्या नळीत क्षार धरावेत तसा आत थर धरतो. हे काम वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. बीपी, साखर आणि तंबाखू सोबतीला असली, तर आणखी जोरात.

पहिली तपासणी म्हणजे मानेचा डॉप्लर. ही सोनोग्राफीच. सुई नाही, उपाशी राहायचं नाही, रेडिएशन तर मुळीच नाही. अर्ध्या तासात काम होतं. पण माझा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला! फिजिशियननी तो वाचून विचारलं, खालची शीर बघितली होती का? एरवी चरबीचा थर बहुतेक कॅरोटिडच्या फाट्यावर, जिथं तिच्या दोन शाखा होतात तिथं धरतो आणि तपासणाऱ्याची नजरही तिथंच जाते. रेडिएशनचं नुकसान मात्र किरण जिथं जिथं पडले तिथं, पुष्कळदा फाट्याच्या खाली, लांबच लांब पसरलेलं असतं. म्हणून टेबलावर पडल्यापडल्या सांगावं, 'मानेला रेडिएशन झालंय, गळ्याच्या मुळापासून वरपर्यंत, दोन्ही बाजू बघा.' आणि रिपोर्टात खालच्या भागाचा उल्लेख आहे ना, ते तिथंच वाचून घ्यावं.

कातडी लाकडासारखी टणक झाली असेल तर डॉप्लरला नीट दिसत नाही. मग सीटी अँजिओ. त्यात हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडतात, अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं. आधी क्रिएटिनिन तपासून घ्यायचं, आणि साखरेच्या गोळ्या, ॲलर्जी, किडनीचा त्रास हे सगळं सांगायचं. एमआर अँजिओचाही पर्याय असतो, पण जबड्यात पट्टी असेल तर ते आधी कळवावं. धातूमुळं चित्र बिघडतं.

माझ्या सीटीत उजवी शीर निम्म्याहून बरीच जास्त अरुंद निघाली. रेडिएशननं आवळलेल्या मानेत पुन्हा सुरी घालणं अवघड असतं, म्हणून मांडीतून तार नेऊन स्टेंट टाकला. सगळ्यांनाच तो लागतो असं नाही. पुष्कळांचं रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी-साखरेवर ताबा आणि ठरावीक काळानं डॉप्लर, एवढ्यावर भागतं. डॉप्लर कधीपासून आणि किती दिवसांनी करायचा, हे डॉक्टर रेडिएशनचा डोस आणि तुमचं वय बघून ठरवतील. विचारायचं मात्र आपण.

त्यासाठी रेडिएशनचा कागद हवा: कुठल्या बाजूला, किती ग्रे, कुठल्या साली. आमच्याकडे 2005, 2019, 2021 चे महापूर कितीतरी घरांतल्या फायली घेऊन गेले. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि तो गावाबाहेरच्या लेकीकडे, भाच्याकडेही पाठवून ठेवा.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी व्हावा लागतो, म्हणून सीटी असलेलंच हॉस्पिटल गाठायचं. मिनिटभरात सगळं ठीक झालं, तरी त्याच दिवशी दाखवायचं.

मान आखडली की आमच्याकडे तालमीतल्या कुणाकडून तरी ती मोडून घेतात, न्हावीही दाढीनंतर हौसेनं एक झटका देतो. रेडिएशन झालेल्या मानेला हे दोन्ही बंद. मी खुर्चीत बसतानाच सांगतो, कारण झटका दिल्यावर सांगून उपयोग नाही.