सर्वांस वाचतां येईल असें वेबपृष्ठ

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण हल्लीं संगणकावर वेबपृष्ठें तयार करूं लागले आहेत. तीं सुंदर दिसावींत ही त्यांची इच्छा योग्यच आहे. परंतु ज्यांस दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, किंवा ज्यांचे हात कांपतात, अशा बांधवांस तीं वाचतां येतील काय, याचाही विचार अवश्य झाला पाहिजे.

अंध मनुष्य वेबपृष्ठ कसें वाचतो, हें प्रथम समजून घेऊं. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या प्रणालीस स्क्रीन रीडर म्हणतात. 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो व त्यावर मराठीही ऐकतां येतें. मात्र परीक्षेच्या वेळापत्रकाचें नुसतें छायाचित्र पृष्ठावर लावलें, तर डोळस विद्यार्थ्यास तारीख कळते. अंध विद्यार्थ्यास बहुधा 'चित्र' एवढाच शब्द ऐकूं येतो, आणि अर्जाची मुदत टळून जाते.

याविषयींचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध केले, त्यांची २.२ ही आवृत्ति २०२३ सालीं निघाली. त्यांवरून कांहीं मुख्य गोष्टी आम्ही येथें सांगतों.

पहिली: मजकूर अक्षरांतच लिहावा, व चित्रास 'ऑल्ट' या जागीं थोडक्यांत वर्णन जोडावें.

दुसरी: मराठी मजकूर युनिकोडमध्येंच टंकावा. जुन्या कित्येक फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आंत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्यामुळें स्क्रीन रीडर अर्थहीन ध्वनि उच्चारतो. पृष्ठाची भाषा मराठी आहे, हेंही संकेतांत नमूद करावें.

तिसरी: साधीं अक्षरें व त्यांमागील रंग यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें. 'तांबड्या रंगांतील विषय सक्तीचे' अशी केवळ रंगावर अवलंबणारी सूचना देऊं नये.

चौथी: सर्व कामें माउसवांचून, नुसत्या कीबोर्डनें करतां यावींत.

पांचवी: चलच्चित्रांतील बोलणें खालीं अक्षरांत द्यावें.

परीक्षा सोपी आहे. माउस बाजूस ठेवून टॅब कळीनें सर्व पृष्ठ फिरून पाहावें. मग डोळे मिटून तें ऐकावें. जेथें आपण अडतों, तेथेंच दुसराही अडेल.

भारताच्या २०१६ सालच्या दिव्यांगहक्क कायद्यानेंही माहिती सर्वांस सुलभ असावी असें ठरविलें आहे. तेव्हां हें काम उपकाराचें नसून कर्तव्याचें आहे, आणि तें आरंभींच केल्यास श्रमही थोडे पडतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.