मे महिन्यातला अंगरखा

१४ मे हा छत्रपती संभाजी महाराजांचा जन्मदिवस. १६५७ साली पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. जव्हारमध्ये मी शिवण शिकवते, आणि त्या सुमारास जयंतीच्या मिरवणुकीच्या पोशाखासाठी मुलं मोबाईलवर फोटो घेऊन माझ्याकडे येतात. 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिका २०२० मध्ये संपली, पण या मुलांच्या मनात शंभूराजे म्हणजे अजून अमोल कोल्हे आणि येसूबाई म्हणजे प्राजक्ता गायकवाड. "बाई, सेम असंच पायजे." आमचं गाव दीड हजार फुटांवर आहे खरं, पण मे महिन्यातल्या दुपारी मिरवणुकीत चालणाऱ्याला ती उंची काही उपयोगी पडत नाही. ही सोंगं सजवताना जे उमगत गेलं, ते सांगते.

१. मालिकेतला पोशाख कॅमेऱ्यासाठी शिवलेला असतो. मखमल उजेड पिते, जरीचं काम तो परत फेकतं, म्हणून पडद्यावर राजा भरजरी दिसतो. तिथे एक प्रसंग चित्रित झाला की नट पंख्याखाली बसू शकतो. आमचा मुलगा मात्र घोषणा देत, ढोलाच्या मागे, उन्हातून चालणार असतो. त्याच्या अंगावर अस्तर लावलेली नायलॉनची मखमल चढवायला माझा हात धजत नाही. तरी त्याला राजासारखं दिसायचं आहे, आणि ही इच्छा मला अगदी रास्त वाटते.

२. उत्तर मालिकेच्याही मागे, शिवकाळातच सापडलं. शिवाजी महाराजांचं समकालीन चित्र इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये लोकांपुढे आणलं. तोवर इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून घरोघरी लागत होतं. इटालियन प्रवासी मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढवून घेतलेल्या चित्रांत घोड्यावरचे महाराज आहेत, ती चित्रं आज पॅरिसला आहेत. त्या काळातली दख्खनी आणि मुघली चित्रं एकापाठोपाठ एक पाहत गेले, तेव्हा मी थक्क झाले. कितीतरी जामे इतके झिरझिरीत रंगवलेत की आतली सुरवार दिसते. तावेर्निये हा फ्रेंच व्यापारी बुऱ्हाणपूरच्या पारदर्शक मलमलीबद्दल लिहून गेला आहे, ती इथून इराण-तुर्कस्तानपर्यंत जायची. म्हणजे आपल्या उन्हाशी कसं वागावं हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यासाठी इतिहासात फेरफार करायची गरजच नव्हती, मखमल बाजूला सारून त्याच्या जरा जवळ जायचं होतं.

३. हवा कापडापेक्षा कापणीतून खेळते. जामा छातीशी बसता, कमरेपासून कळ्यांचा घेर, आणि बगलेत बांधलेले बंद. घेर असला की प्रत्येक पावलाबरोबर तो भात्यासारखा हवा आत घेतो. काखेत चौबगला घातला की हात वर करताना कापड ताणत नाही आणि घाम एका जागी साचत नाही. तयार भाड्याच्या पोशाखाला पाठीवर चेन असते, म्हणून तो एकदा घातला की घट्टच राहतो. बंद सैल करता येतात. त्या काळात हिंदू डाव्या बगलेशी बंद बांधत आणि मुसलमान उजव्या, तेव्हा मी ते डावीकडेच लावते. मालिकेतली ओळख टिकवायला किनारीचा जरीचा गोट, कमरेचा शेला आणि मोत्यांची माळ एवढं पुरतं. लांबून माणूस बाह्यरेषेनेच ओळखू येतो.

४. सगळ्यात जास्त ताप डोक्याला. स्पंज आणि बकरमचा जिरेटोप घातला की मुलं थोड्या वेळात लालबुंद होतात. याचा इलाज मोखाड्याकडच्या बोहाड्याने शिकवला. होळी सरली की आमच्या भागात गावोगावी बोहाडा होतो. संबळाच्या तालावर देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं रात्रभर नाचतात, तोंडावर जड मुखवटे बांधून. इतका वेळ हे कसं सोसतं, म्हणून एका म्हाताऱ्या सोंगाड्याला विचारलं. त्यांनी मुखवटा उलटा करून दाखवला. डोकं जिथे टेकतं तिथे चिंध्यांची चुंबळ, हंड्याखाली बाया ठेवतात तशीच, आणि बाकी सगळीकडे मोकळी जागा. "डोक्याला टेकू दिवाचा, चिकटू नाय दिवाचा," ते म्हणाले. मग टोपल्या विणणाऱ्या एका दादांकडून बांबूच्या कामट्यांचा हलका सांगाडा करून घेतला, आत चुंबळ बसवली, वरून पातळ सुती कापड ताणलं आणि मोत्यांचा तुरा लावला. कामट्यांमधून वारा जातो. इतकं वजनदार ज्ञान मोखाड्याच्या रस्त्यावर दरवर्षी नाचतं आणि आपण पोशाखाचे नमुने इंटरनेटवर शोधतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बोहाड्याचं आणखी एक शहाणपण म्हणजे तो रात्री होतो. आमच्या मंडळातल्या मोठ्यांना मी दरवर्षी सांगते की मिरवणूक उन्हं उतरल्यावर काढा.

५. पोशाख धुता आला पाहिजे, आणि तोही थोड्या पाण्यात. पावसाळ्यात आमच्याकडे धो-धो कोसळतं, पण एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. त्या पाण्यात मिरवणुकीचा अंगरखा बुचकळायला कुणाला सांगणार? म्हणून गोट कच्च्या टाक्यांनी लावते, तो उसवून बाजूला ठेवता येतो. गळ्याशी आणि काखेत आतून सुटे तुकडे टाचते. तेवढेच धुतले की काम भागतं.

६. केशरी रंग रानात मिळतो. फाल्गुनात पळस फुलला की मुलं फुलं गोळा करून वाळवतात. तुरटी घालून उकळलेल्या पाण्यात सुती कापडाला उबदार पिवळट केशरी रंग चढतो. धुण्यात तो फिका होतो, पण टेरिकॉटच्या भगभगीत केशरीपेक्षा मला तो फिकाच आवडतो.

७. येसूबाईसाठी मला काही शिकवावंच लागलं नाही. मुली शिवलेली तयार नऊवारी मागतात, ती बहुधा कृत्रिम धाग्याची असते. पाड्यावरच्या एका आजीने आपलं जुनं सुती लुगडं काढलं, काष्टा घातला, ओचा खोचला आणि नातीला चालून दाखवायला लावलं. पोरगी पळू लागली. या आजी असंच लुगडं नेसून आयुष्यभर भाताची लावणी करत आल्या आहेत. छत्रपतींच्या घरच्या बाईचा डौल याहून काय वेगळा असणार? वर एक शेला आणि नथ दिली, झाली येसूबाई.

८. थंडीचा पोशाख थंडीतच शोभतो. १६६३ च्या डिसेंबरअखेर सुरतेला जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचं स्वागत करून शिरपेच चढवला, अशी आमच्याकडे परंपरा सांगतात. त्या दिवसांत शिरपामाळावर पहाटे अंगावर काटा येतो. तिथल्या प्रसंगाचं नाटुकलं हिवाळ्यात बसवायचं असेल तर मखमल, रुईची बंडी, जे हवं ते द्यावं, मुलं खूश होतील.

९. चिलखत अजून सुटलेलं नाही. मालिकेत शंभूराजे रणात उतरतात ते चिलखतात, आणि मुलांना तेच सगळ्यात जास्त हवं असतं. प्लास्टिकच्या कड्यांचं चिलखत उन्हात तापतं आणि अंगाला चिकटतं. सध्या सुती दोरी क्रोशाने विणून तिला राखाडी रंग देऊन पाहते आहे. वारा जातो, वजन कमी आहे, पण चमक येत नाही, आणि वर्गातल्या पोरांनी "बाई, हे तर स्वेटर वाटतंय" असं स्पष्ट सांगितलं आहे. खांद्यावर आणि छातीवर पत्र्याच्या पातळ टिकल्या टाचून बघायच्या, असं आता ठरतं आहे.