मोशे भिंतीला टेकून रडतो

आजचे वाचन : निर्गम 12:29-32

‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा 1998 सालचा कार्टून सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आमच्या संडे स्कूलमध्ये तो सुट्टीत हमखास लावायचे. आम्हा मुलांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे, समुद्र कधी दुभंगतो! विजेच्या उजेडात पाण्याच्या भिंतीत भलामोठा मासा दिसला की टाळ्या.

परवा मुलाबरोबर तोच सिनेमा पुन्हा पाहिला आणि समुद्राच्या आधीच अडकले. वल्हांडणाची रात्र. संगीत जवळजवळ थांबतं. पांढरा प्रकाश गल्लीबोळांतून सरकतो. एक मुलगा घागर घेऊन दारात शिरतो, घागर फुटते आणि फक्त त्याचा हात दिसतो. मग रामसेस आपल्या लेकराला कापडाने झाकतो. मोशे बाहेर येतो आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडतो.

माझ्या मुलाने विचारलं, “मम्मी, त्या बाळाने काय केलं होतं?”

“फारोने ऐकलं नाही ना देवाचं.”

“ते फारोने. बाळाने काय केलं?”

मोशेचं हे रडणं पवित्र शास्त्रात नाही. सिनेमाने बरंच बदललंय : शास्त्रात बाळ मोशे फारोच्या मुलीला सापडतो, इथे राणीला, आणि ज्या फारोपुढे तो उभा राहिला त्याचं नाव निर्गममध्ये कुठेच नाही. पण मुलाच्या प्रश्नाला शास्त्र सिनेमापेक्षाही कठीण करतं. 29 वे वचन पाहा. राजासनावरच्या फारोचा मुलगा गेला, तसा तुरुंगातल्या कैद्याचाही. त्या कैद्याने कोणाला गुलाम केलं होतं?

हेही खरं की या मिसरात आधी इब्री मुलगे नदीत टाकले गेले होते (1:22). सिनेमात भिंतीवरच्या चित्रांतून ते दिसतं, आणि रामसेस त्याच चित्रांपुढे पुन्हा तीच धमकी देतो. म्हणून न्याय झाला, असं म्हणता येतं. मी ते माझ्या सात वर्षांच्या मुलाला म्हणू शकले नाही.

मग आम्ही दोघांनी पुढची वचनं वाचली. 32 वे वचन मी इतक्या वर्षांत नुसतंच ओलांडत आले. मुलगा मेलेला, त्या रात्री फारो मोशे-अहरोनाला जा म्हणतो, आणि जाता जाता मलाही आशीर्वाद द्या, अशी विनवणी करतो. त्यांनी दिला की नाही, शास्त्र सांगत नाही. पुढे अनुवाद 23:7 मध्ये मात्र इस्राएलाला आज्ञा आहे की मिसऱ्याचा तिरस्कार करू नको, तू त्याच्या देशात उपरा होतास. आजही यहुदी घरांत वल्हांडणाच्या जेवणात एकेका पीडेचं नाव घेताना प्याल्यातून द्राक्षारसाचा थेंब काढतात. शत्रूचं दुःख आठवून आपला आनंदाचा प्याला थोडा रिता करायचा, असा त्याचा अर्थ अनेक जण सांगतात.

आणि मत्तय 2 मध्ये दुसरा एक राजा बाळांना मारायला निघतो, तेव्हा योसेफ येशूबाळाला घेऊन रातोरात जातो ते मिसरातच.

आज कुटुंबप्रार्थनेत 32 वे वचन मोठ्याने वाचा. मुलांनी काही विचारलं, तर विचारू द्या.