भुंगा माडावर, इलाज खताच्या खड्ड्यात

गोखिवऱ्यात आता वाड्यांपेक्षा गाळेच जास्त दिसतात, तरी आमच्या वाडीत माड टिकून आहेत. त्यांचा मोठा वैरी गेंड्या भुंगा. तो शेंड्यातली न उलगडलेली सुई पोखरतो आणि पुढे झावळी उघडली की कातरीने कापल्यासारखी दिसते. तेवढ्याने माड मरत नाही. पण त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, खोडात अंडी घालतो, आणि वरून हिरवा दिसणारा माड आतून पोकळ होतो.

म्हणून सगळ्यांची नजर शेंड्यावर. आकडीने भुंगे काढणं चालू ठेवावंच, पण गेंड्या जन्मतो खाली. मादी कुजलेल्या शेणखतात आणि पडलेल्या खोडांत अंडी घालते, अळ्या तिथेच काही महिने वाढतात. त्यांना गाठायला मेटारायझियम ही बुरशी आहे. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, ओल मिळाली की रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. १८७९ साली शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी गव्हाच्या भुंग्यावर हीच बुरशी वापरून पाहिली होती.

आम्हीही या बुरशीची पावडर आणून खताच्या खड्ड्यात कालवली आणि निर्धास्त झालो. पाऊस सरल्यावर खत उपसलं, तर टोपलीगणिक अळ्या, सगळ्या धडधाकट. त्याच हंगामात सोंड्याने दोन चांगले धरते माड नेले. ओळखीच्या कृषी सहायक ताईंनी एवढंच विचारलं, "काका, पावडर जिवंत होती का?" पाकिटावरची मुदत शिल्लक होती. पण दुकानात पुन्हा गेलो तेव्हा दिसलं, पाकिटांची खोकी थेट पत्र्याखाली रचलेली. मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही. बीजाणू काय तगणार?

तेव्हापासून नवी पावडर आली की आधी मडक्यात पारख. एका मडक्यात ओलसर शेणखत, त्यात पावडर आणि खड्ड्यातल्या चार-पाच लहान अळ्या. दुसऱ्यात तेच सगळं, फक्त पावडर नाही. दोन्हींच्या तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवायची. पावडर चांगली असेल तर अळी आधी सुस्तावते, अंगावर तपकिरी डाग पडतात, मग ती काडीसारखी कडक होते. पुढे अंगावर पांढरी बुरशी धरते आणि तिचीच शेवाळी हिरवी भुकटी होते. अशी अळी सडत नाही, घाण वासही मारत नाही. काळी पडून लिबलिबीत झाली, तर ती दुसऱ्याच कशाने मेली असं समजावं. ही हिरवी भुकटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फार बरं वाटलं. ती मेलेली अळी टाकू नका, खड्ड्यातच पुरा. तिच्यावरचे बीजाणू पुढच्या अळ्यांना लागतात.

विकत घेताना नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि बीजाणूंची संख्या वाचा. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेची शिफारस घनमीटर खताला ५ × १०^११ बीजाणूंची आहे. ग्रॅमला १० कोटी बीजाणू असलेली पावडर असेल तर हिशेबाने ५ किलो लागते. चिमूटभर टाकून काही होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला खत ओलसर असताना खालपर्यंत कालवा, आणि त्याच खड्ड्यात बुरशीनाशक जाऊ देऊ नका. पावडर हाताळताना नाकाला रुमाल बांधा. आणि जैविक म्हणून घेतलेल्या बाटलीने फवारल्या फवारल्या किडे पटापट पडायला लागले, तर शंका घ्या, कारण बुरशीला दिवस लागतात. जैविकच्या नावाखाली रासायनिक विष मिसळून विकण्याचे प्रकार आपल्याकडे होतात.

माडाखेरीज भाजी लावणाऱ्यांसाठी बीटी हा जिवाणू आहे, पण तो अळीच्या पोटात गेला तरच काम करतो. म्हणून पानं खाणाऱ्या लहान अळ्यांवर, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना फवारावा. उन्हात तो लवकर निकामी होतो. रस शोषणाऱ्या माव्यावर त्याचा उपयोग नाही. जमिनीतली हुमणी मारणारे सूत्रकृमीही मिळतात. ते गार जागी ठेवावेत, बर्फात नाही. द्यायच्या आधी थेंबभर पाणी भिंगाखाली धरून वळवळ दिसते का पाहावी आणि ओल्या जमिनीतच द्यावेत.

आता पुन्हा माडांकडे, आणि आमच्या भागातल्या खऱ्या अडचणीकडे. जागा विकली जाते, माड तोडले जातात आणि खोडं प्लॉटच्या कडेला वर्ष-वर्ष कुजत राहतात. आपला खड्डा कितीही नीट ठेवला तरी भुंगा तिथून उडून येतो. शेजारच्या मालकाला भेटा, खोडं चिरून वाळवून जाळायला किंवा उचलून न्यायला सांगा. ते जमत नसेल तर परवानगी घेऊन कुजलेल्या भागात पहारीने भोकं पाडा, पावडर पाण्यात कालवून आत ओता आणि वर ओला पालापाचोळा टाका.