'अक्का' : ध्वनिसाम्य आणि व्युत्पत्ती

मराठीत 'अक्का' म्हणजे थोरली बहीण. संस्कृतातही 'अक्का' हा शब्द असल्याने तेथेच त्याचे मूळ मानण्याचा मोह होतो. परंतु पाणिनीच्या ७.३.१०७ या सूत्रावरील काशिकावृत्तीत 'हे अक्क' हे संबोधन 'अम्बा' या अर्थाच्या शब्दांत येते. म्हणजे तेथील अर्थ 'आई' असा आहे. याउलट कन्नड, तेलुगू व तमिळ या भाषांत 'अक्क', 'अक्का' म्हणजे थोरली बहीणच होय. बाराव्या शतकातील अक्कमहादेवीच्या नावात हेच संबोधन आदरार्थी झालेले दिसते.

केवळ ध्वनिसाम्य किती फसवे असते, हे अन्य भाषांवरून ध्यानात येते. फिन्निशमध्ये 'अक्का' म्हणजे म्हातारी, उझबेकमध्ये 'अका' म्हणजे थोरला भाऊ. रोमन आख्यायिकेत रोम्युलस व रीमस यांच्या पालकमातेचे नाव अक्का लॅरेन्शिया. उच्चारसुलभ नातेवाचक शब्द निरनिराळ्या भाषांत स्वतंत्रपणेही घडतात. तेव्हा अशा शब्दांची व्युत्पत्ती ठरविताना रूपाइतकाच अर्थ आणि भाषासंपर्कही पाहावा लागतो. या दोन्ही कसोट्यांवर मराठी 'अक्का' संस्कृतापेक्षा कन्नड-तेलुगूच्या अधिक निकट ठरते.